लाल डोक्याची मालकीण

सर, तुमची लाल डोक्याची मुंगी काल दुपारी मी रद्द केली. एक ओळ लिहिली, खाली सही केली आणि कॉलेजला पाठवून दिली. तुम्ही जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, त्यामुळे तुमच्याकडून हरकत येण्याची भीती नव्हती. तरी सही करताना मी एकदा मागे वळून दाराकडे पाहिलं. ही तुमचीच कृपा. प्रॅक्टिकलच्या तासाला तुम्ही मागून यायचे, आवाज न करता, आणि मान खाली घालून सूक्ष्मदर्शकात बघणाऱ्या पोरीच्या कानाशी एकदम विचारायचे, "काय दिसतंय?" काय दिसतंय हे तुम्हाला ऐकायचंच नसायचं. तुम्हाला काय दिसलं होतं तेवढंच आमच्या तोंडून परत हवं असायचं.

झालं असं, की तुमच्या डिपार्टमेंटच्या म्युझियमची खोली नव्यानं रंगवली. तिला तुमचं नाव द्यायचं ठरलं. कारण काय, तर दारासमोरच्या भिंतीवर ती तुमची पाटी अजून आहे: काचेमागे लाल डोक्याच्या चार मुंग्या, शेजारी पेपरातलं कात्रण, तुमचा सफारी सूटमधला फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत की ही मुंगीची नवी जात आपल्याच कॉलेजच्या सरांनी शोधली. तपासणीची टीम येणार, तर कोणा जाणकाराची सही त्याखाली असावी असं तुमच्या जागेवर बसलेल्या नव्या साहेबांच्या मनात आलं. मी सध्या कुम्हारीच्या एका खासगी कॉलेजात शिकवते. तिथे फोन आला. "मॅडम, बस एक लाइन लिख दीजिए. आप तो विदेश से सीखकर आई हैं." एका ओळीचं काम होतं. मी म्हटलं, बघून लिहीन. त्यांना वाटलं मी भाव खाऊन राहिले.

तुमची गोष्ट मला पाठ आहे. सगळ्या बॅचेसना पाठ होती. नंदिनी गावच्या जुन्या चुनखडीच्या खाणीमागे कोणीतरी जमीन कापली होती, त्या कापात तुम्हाला दाण्यांनी भरलेला एक कप्पा दिसला, आणि त्यात नुसत्या मोठ्या, लाल डोक्याच्या मुंग्या. एकही काळी नाही. बाहेर गवतात मात्र बारक्या काळ्या मुंग्या रांगेनं दाणे वाहत होत्या. झालं, तुम्ही तिथेच उभ्या उभ्या निकाल दिला. लाल ती मालकीण, काळी ती चोरटी. काळ्या मुंग्या लालच्या कोठारावर डल्ला मारतात. पेपरवाल्याला अशीच गोष्ट हवी होती, त्यानं फोटोसकट छापली. पुढे कोठे पाठवली नाही तुम्ही ती, कोणा तज्ज्ञाला दाखवली नाही, कारण तज्ज्ञ प्रश्न विचारतात आणि पेपरवाले विचारत नाहीत. एक भोक नीट खणून पाहायला अर्धी सकाळ लागते, सर. तुम्ही तेवढीही घालवली नाही आणि तीस वर्षं त्या मुंगीच्या जिवावर मान ताठ ठेवून चालले.

चोर आणि मालक ओळखण्यात तुमचा हातखंडाच होता म्हणा. पहिल्या दिवशी तुम्ही हजेरी घेतली नाही, एकेकाला उभं करून विचारलं, "वडील प्लांटमध्ये कुठे?" ज्यांचे साहेब होते, ती मुलं पुढच्या बाकांवर. माझे बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर. तुम्ही नुसती मान मागे वळवली, की मी उठून मागच्या बाकावर. आम्ही भंडाऱ्याकडचे, घरी मले-तुले बोलणारे. तुम्ही रायपूरचे, तीन पिढ्यांपासूनचे, मराठी अगदी घासून पुसून ठेवलेली. रायपूरच्या घरात पुण्याची भाषा बोलायची हौस मला तेव्हा फार मोठी वाटायची. आता तिचं हसू येतं, पण तेव्हा मी रात्रंदिवस "मला, मला" म्हणून घोकायची, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही खूश झाले असते.

आणि ती काड्यापेटी. आमच्या क्वार्टरच्या मागे नळाजवळ एक भोक होतं, भोवती दाण्यांच्या टरफलांचं कडं. त्या भोकातून मी माझ्या डोळ्यांनी काळ्या बारक्या निघताना पाहिल्या आणि त्यांच्यामागून, जरा वेळानं, एक लाल डोक्याची. दोघी शेजारून गेल्या, मिशा लावल्या एकमेकींना, भांडण नाही काही नाही. मी दोन्ही पेटीत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "सर, ह्या एकाच भोकातून निघून राहिल्या." वर्ग हसला, 'निघून राहिल्या'ला. तुम्ही पेटी उघडलीसुद्धा नाही. खिडकीतून बाहेर टाकली आणि म्हणाले, "आधी बोलायला शिक, मग बघायला." त्यानंतर तुम्ही रुमालानं बोटं पुसली. ती बोटं पुसणं मी विसरले नाही. खोटं कशाला बोलू, ते तुमच्या मुंगीपेक्षा जास्त लक्षात आहे.

घरी बाबांनी विचारलं, "कावून तोंड पाडून बसली?" मी सांगितलं, सरांनी पेटी फेकली. "कायची पेटी?" मुंग्यांची. बाबा पोटभर हसले. "मंग आणखी पकड ना. मुंग्यायले काय तोटा हाय का?" त्यांच्या लेखी विषय संपला. मी पकडल्या नाहीत. परीक्षेत मालकिणीची आणि चोरटीची गोष्ट लिहिली, तुमच्याच शब्दांत, आणि तुम्ही भरभरून मार्क दिले. तुमच्या खिडकीतून फेकलेल्या त्या पेटीबरोबर माझे डोळेही गेले, असं मी पुढे कितीदा तरी म्हटलं आहे, अर्थात मनात. तुम्हाला खरं माहीत होतं की नाही, हे आजही मला ठाऊक नाही. माहीत असून फेकली असेल तर तुम्ही खोटे. नसेल तर आळशी. दोघांत मला आळशी माणूस जास्त किळसवाणा वाटतो, खोट्याला निदान कष्ट तरी पडतात.

मला भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर दोन वर्षांचं काम मिळालं, दाणे वेचणाऱ्या मुंग्यांचं, तेव्हा मी तुमच्या पाया पडायला आले होते. का आले होते ते विचारू नका, आपल्याकडे येतातच. तुम्ही तेव्हा रिटायर झालेले, खोकत होते. आत गेले आणि एक मरून रंगाची माकडटोपी आणून माझ्या हातात ठेवली. काकूंनी विणलेली. "तिकडे थंडी असते," म्हणाले. प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म घालवला, आणि भूमध्य समुद्र कुठे आहे हे एकदा नकाशात पाहायचं सुचलं नाही. मी उतरले तेव्हा तिथे दुर्गच्या मे महिन्यासारखं ऊन होतं. नुसते दगड, ऑलिव्हची खुरटी झाडं, वाळलेलं रानटी ओट्सचं गवत, आणि त्या गवतातून आपल्या बोटाएवढ्या रुंद वाटा, दाणे वाहणाऱ्या मुंग्यांच्या. माकडटोपीत मी नमुन्यांच्या बाटल्या गुंडाळून ठेवायची, म्हणजे फुटत नसत. तेवढा तिचा उपयोग झाला.

त्या बेटावर या मुंग्यांच्या तीन-चार जाती एकाच माळावर नांदतात, आणि त्या वेगळ्या ओळखणं हेच माझं काम. एक कोळशासारखी काळी, चकचकीत. एक तपकिरी, निस्तेज, डोक्यावर अंगठ्याच्या ठशासारख्या बारीक रेघा. एकीतल्या काहींचं डोकं लाल. हनुवटीखाली लांब केसांची दाढी असते, ती वाळू उचलायला. ती दाट की विरळ हे बघायचं. पाठीचा उतार बघायचा, कमरेची गाठ बघायची. पहिल्या आठवड्यात मी अगदी तुमची पट्टशिष्या शोभले. प्रत्येक भोकाशी बसायची आणि बहुतेक मोठ्या डोक्याच्या, देखण्याच उचलायची. लाल डोक्याच्या एका बाटलीत, त्याच भोकातल्या काळ्या दुसऱ्या बाटलीत, वेगळी चिठ्ठी लावून. माझ्या तिथल्या मार्गदर्शक बाई म्हाताऱ्या होत्या, कडक, उन्हानं रापलेल्या. त्यांनी माझ्या सगळ्या बाटल्या एका पांढऱ्या ताटात ओतल्या, लाल, काळ्या, लहान, मोठ्या, सगळं एकत्र, आणि म्हणाल्या, "तू बहिणी-बहिणींना वेगळं करून ठेवलंस. लाल डोकं म्हणजे जात नाही, या जातीत अंगानं मोठी असते तिचंच डोकं लाल. बारक्या सगळ्या काळ्या. एका भोकातल्या सगळ्या आकाराच्या उचलायच्या, नाहीतर काही उचलायचं नाही." मग विचारलं, तुला हे असं कोणी शिकवलं. तुमचं नाव घ्यायची लाज वाटली, आणि तुमचं नाव लपवायचीही लाज वाटली. पुन्हा पहिल्यापासून सगळी भोकं फिरले. एक अख्खा हंगाम गेला माझा, सर, तुमच्या देखण्या डोक्यांपायी. मोठ्या मुंग्या सगळ्या जातींच्या सारख्याच दिसतात, फुगलेल्या. खरी ओळख बारक्यांवरून पटते, ज्यांना तुम्ही चोर म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, ते बेट वेगळं, आपली मुंगी वेगळी. बरोबर आहे, आपल्याकडची त्या घराण्यातली नाही. म्हणूनच मी लगेच सही केली नाही, नाकारलंही नाही. तुमच्यासारखी उभ्या उभ्या निकाल देणारी मी नव्हे. गेल्या रविवारी उजाडताच स्कूटीवर नंदिनीला गेले. खुरपी, पांढरी थाळी, स्पिरिटची बाटली आणि मुंग्या तोंडानं ओढून घ्यायची नळी घेऊन. जुन्या खाणीत पाणी साचलंय, मागे बाभळी तशाच आहेत. टरफलांचं कडं असलेलं भोक सापडायला वेळ लागला नाही. बाजूनं चर खणला, मग एकेक थर सोलत आत गेले. पहिल्या कप्प्यात दाणे आणि लाल डोक्याच्या. दुसऱ्या कप्प्यात दाणे आणि लाल डोक्याच्या, जबड्यांनी दाणे फोडत बसलेल्या. तुम्ही पाहिलं ते खोटं नव्हतं, एवढं मान्य. त्याखाली, हातभर खोल, ओलसर मातीत तिसरा कप्पा लागला, आणि तिथे सगळं गोकुळ होतं. पांढऱ्या अळ्या, कोष, मोठे आणि बारीक एकाच ढिगात, आणि त्यांना घेऊन सैरावैरा पळणाऱ्या तुमच्या काळ्या चोरट्या. एक कोष नुकताच सुटत होता. आतली मोठ्या डोक्याची होती, अजून फिकट, दुधाळ, पाय धड न उलगडलेले. दोन काळ्या तिच्या अंगावरची साल जबड्यानं हळूहळू ओढून काढत होत्या आणि तिसरी तिचं तोंड चाटत होती. चोर बाळंतपण करतात का, सर? मी मांडी घालून बसले तिथेच. ऊन डोक्यावर आलं तरी उठले नाही.

सही करण्याआधी काकूंना सांगायला गेले. त्या आता सेक्टर दहामध्ये तुमच्या मुलाच्या क्वार्टरमध्ये असतात. तुमच्या खोलीची फीत त्या कापणार होत्या. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "चाय ठेवते, पण आधी साडी बघ." मोतिया रंगाची साडी इस्त्री करून पलंगावर पसरली होती. "हात थरथरतो गं माझा. फोटोत दिसेल का?" मी म्हटलं, काकू, बसा. मग सांगितलं. लाल आणि काळ्या एकाच घरच्या, मोठ्या त्या लाल डोक्याच्या, लहान त्या काळ्या, सख्ख्या बहिणी. नवी जात वगैरे काही नाही.

त्यांनी गॅसवर ठेवलेला चहा ढवळला. "मग चोर कोण?"

"कोणी नाही, काकू."

"रोज जेवताना सांगायचे गं. मी पोळी वाढायची आणि ते चोरांचं सांगायचे." मग एकदम चिडून म्हणाल्या, "सवत होती ती माझी. लग्नानंतर पचमढीला नेतो म्हणाले आणि नेलं कुठे तर नंदिनीला. एक सुटी तिच्याशिवाय गेली नाही. आणि आता तू सांगतेस ती वेगळी नव्हतीच."

मला तेव्हा तुमचा असा राग आला, सर, की तुम्ही समोर असते तर मी कप फेकला असता. बायकोचा जन्म वाया घालवला तो घालवला, आणि कशासाठी, तर न खणलेल्या एका भोकासाठी. काकूंनी गॅस बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत्ता नको लिहूस. ते गेलेत, माझे किती दिवस उरलेत? मी गेल्यावर लिही. तोपर्यंत ती मुंगी मुकाट बसेल भिंतीवर."

मी म्हटलं, "काकू, मला आत्ता विचारलंय."

"तुला विचारलं, कारण तू हो म्हणशील असं त्यांना वाटलं. त्यांची विद्यार्थिनी ना तू."

त्यांनी साडीची घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि कपाटात ठेवली. मग म्हणाल्या, "चहा फार गोड झालाय का बघ." गोड झाला होता. मी संपवला.

मी लिहिलं तरी. दरवर्षी नवी पोरं त्या पाटीसमोर उभी राहतात आणि चोर कोण, मालक कोण ते शिकून जातात, एवढ्यासाठी लिहिलं. आणि हो, काड्यापेटीसाठीही लिहिलं. दुसरं कारण पहिल्यापेक्षा लहान आहे असं मी म्हणणार नाही. नव्या साहेबांचा आज सकाळी फोन आला. "अरे मॅडम, सब छप चुका था, आपने तो फँसा दिया." खोलीला आता तुमचं नाव नाही, कोणाचंच नाही, नुसती नवी प्रयोगशाळा. मुंगीच काढा, सरांचं नाव राहू द्या, इतकी वर्षं शिकवलं त्यांनी, असं मी दोनदा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, मुंगीच नसेल तर मग सरांचं काय दाखवायचं? तुम्ही दुसरं काही केलंच नव्हतं. पाटी उतरवून दारामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे म्हणे. काकूंना मी फोन केला, तर त्यांच्या मुलानं उचलला आणि आई झोपलीये म्हणाला. सकाळचे अकरा वाजले होते.

हे पत्र मी कोणाला देणार नाही. तुमच्या फोटोपुढे ठेवण्याचा ढोंगीपणा तर मुळीच करणार नाही, लिहून झालं की फाडेन. तुमच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तुम्ही आळशी होते, घमेंडी होते, आणि बायकोच्या आयुष्यावर एक मुंगी चिकटवून मोकळे झाले.

फक्त एक गोष्ट मी काकूंना सांगितली नाही, रिपोर्टात तर तिला जागाच नाही. त्या रविवारी दुसरा कप्पा उघडला आणि त्यातसुद्धा एकही काळी दिसेना, तेव्हा मी खुरपी पुसून पिशवीत टाकली होती. स्पिरिटची बाटली बंद केली होती. स्कूटीपर्यंत गेले, किल्ली लावली, सुरूही केली. मनात वाक्य तयार होतं, सर बरोबर होते. मला इतकं बरं वाटलं की त्या उजाड माळावर एकटीच हसले. काकू नव्हत्या डोक्यात, त्यांची साडी तर मी तेव्हा पाहिलीही नव्हती. नुसते तुम्ही होते. स्कूटी बरीच मिनिटं तशीच फडफडत राहिली, मग मी बंद केली, परत आले आणि तिसरा कप्पा खणला. तुम्हाला खोटं पाडायला मी नंदिनीला गेले असं सगळ्यांना वाटतं, मीही तसंच सांगते. खरं म्हणजे तुम्ही बरोबर निघावं म्हणून गेले होते.